साबणाच्या पाण्यात न दिसलेली गळती

रहाटणी
दि. १० नोव्हेंबर २०२४

आदरणीय अक्कास,
साहेबरावचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू नुसतं बरं बरं म्हणत ठेवून देतेस, म्हणून सगळं लिहूनच कळवतो. शेवटपर्यंत वाच. मधेच घाबरून एसटी पकडू नकोस.

मागच्या महिन्यात चाकणला कंपनीत एक प्रकार झाला. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये बसतो आणि प्रेसचे साचे उचलून देतो, हे तुला माहीत आहे. एकेक साचा चार टनांचा. दुपारच्या जेवणानंतर असा एक साचा अधांतरी लटकत असताना माझा डोळा लागला. खाली रविराज म्हणून आमचा माणूस उभा होता, तो ओरडला तेव्हा जाग आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी ती शिडी एकेक पायरी मोजत उतरलो.

कंपनीच्या डॉक्टरांनी एका रात्री अंगभर वायरी लावून माझी झोप तपासायला लावली. तासाला अडतीस वेळा माझा श्वास थांबतो म्हणे. स्लीप ॲप्निया असं नाव आहे. म्हणजे मी रात्रभर झोपतो आणि तरी झोपत नाही. त्यावर सीपॅप नावाचं मशीन दिलंय. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि मशीन रात्रभर हवा दाबून सोडतं, म्हणजे घसा मिटत नाही. मशीनचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत क्रेन बंद. सध्या मी स्टोअरच्या खिडकीत बसून पोरांना हातमोजे वाटतो.

आता गंमत ऐक. मशीन तपासणारा नवनाथ म्हणतो, तुमची हवा गळतेय, म्हणून रिपोर्ट खराब. अगं, हवेच्या लाइनीची गळती मला शिकवतो! जॉइंटला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की तिथं गळती. मी मास्क घालून बसलो आणि सोनूच्या आईला दाढीच्या ब्रशने कडेकडेने फेस लावायला सांगितला. सोनू हसून हसून खाली बसली. पण एक बुडबुडा आला नाही. म्हणजे मशीनच खराब. तर नवनाथ म्हणतो, झोपेत तुमचं तोंड उघडतं, हवा तिथून जाते. माझं तोंड म्हणे उघडं!

जानेवारीच्या पंधरा तारखेपर्यंत रिपोर्ट सुधारला नाही तर निवृत्तीपर्यंत ती खिडकीच. दीड वर्ष राहिलंय अक्का. मला क्रेनवरून उतरून घरी जायचंय, खिडकीतून उठून नाही.

भाचा, सूनबाई यांना जयभीम सांग. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा,
साहेबराव

*

सेलू
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. साहेबरावास,
अक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तोंडाला फेस लावून बसलास ते वाचून मी एकटीच हसले. सून धावत आली, मला वाटतं तिला वाटलं म्हातारीचं डोकं गेलं. मग साचा लटकत होता ते वाचलं आणि हसू कुठच्या कुठं गेलं. त्या रविराजला माझा आशीर्वाद सांग.

इथं कापूस वेचणी चालू आहे. तूर बरी आहे. कान तसेच. कानाचं मशीन तुझ्या भाच्याने आणलंय, पण ते शिट्टी मारतं, म्हणून डब्यात ठेवलंय. तेव्हा मशीनच्या बाबतीत तुला शहाणपण शिकवायला माझं तोंड नाही.

पण एक सांगते. नवनाथ म्हणतो ते खरं आहे. तू तोंड उघडं ठेवूनच झोपायचास. तू जागेपणी साबण लावलास, जागेपणी तर तोंड मिटलेलंच असतं ना रे. मी तुझ्याजवळ झोपायचे. बोटाने तुझी हनुवटी वर करायचे, बोट काढलं की परत उघडायची. कित्येक रात्री मी ते करत बसायचे.

नाकाची कुठली बाजू बंद वाटते तुला? डावी की उजवी? डॉक्टरांनी नाकात बॅटरी घालून बघितलं का? विसरू नकोस, हे नक्की लिही. 

पत्रात दोन ओळी खोडल्या आहेत, त्याकडे बघू नकोस. सोनूला, अंबूला आशीर्वाद. जिवाला जप.

तुझी अक्का,
चतुराबाई

*

रहाटणी
दि. २५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तूही नवनाथला सामील झालीस! लहान पोरं सगळीच तोंड उघडून झोपतात. ते आज कसं धरायचं?

पण खोटं कशाला बोलू, सकाळी उठतो तेव्हा घशात वाळू भरल्यासारखं होतं. जीभ टाळूला चिकटते. मी पट्टे एकेक खाच आवळत गेलो. आता गालावर वळ उठलेत आणि कँटीनमध्ये लोक विचारतात, साहेबराव, घरी भांडण झालं का. रिपोर्ट मात्र तिथंच.

मग नवनाथने हनुवटीचा पट्टा दिला. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायचा, म्हणजे तोंड मिटून राहतं. मी तो बांधून आडवा झालो. सोनूची आई दूध घेऊन आत आली आणि दारातच रडायला लागली. आपले दादा गेले तेव्हा त्यांची हनुवटी बांधली होती, तसंच दिसत होतं म्हणे. मग मलाही कसंतरी झालं. पट्टा काढून परत दिला. दुसऱ्या दिवशी सोनूने मी झोपलेला असताना मोबाइलवर शूटिंग केलं. मी न बघताच पुसायला लावलं. बापाचं असं काही काढून ठेवायचं नसतं. जास्तच ओरडलो तिच्यावर, नंतर वाईट वाटलं.

आता नवनाथ म्हणतो, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घ्या. तो मी घेणार नाही. जीव गुदमरतो, आणि माझं नाक धडधाकट असताना तोंड कशाला झाकायचं? डॉक्टरांनी विचारलं होतं, लहानपणी नाकाला काही मार? मी म्हटलं, नाही. तू विचारलंस म्हणून लिहितो, डावी बाजू बंद असते. पहिल्यापासूनच. मला वाटायचं सगळ्यांचीच एक बाजू बंद असते.

त्या दोन ओळी मी उजेडात धरून बघितल्या. इतक्या खोडल्यास की कागद फाटलाय. काय लिहिलं होतंस?

वाट बघतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
साहेबराव

*

सेलू
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. साहेबरावास,
अक्काचा जयभीम.

परवा सहा तारखेला विहारात मेणबत्ती लावायला गेले. तिथं बसले आणि ठरवलं की आता लिहायचं. दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं आहे, चुका तशाच ठेवल्यात.

डावी बाजू. मला माहीत होतं तू डावी लिहिशील.

तू चार वर्षांचा होतास, मी नऊ. मी तिसरीत होते. आई खुरपायला जायची आणि तू माझ्या अंगावर. रोज माझ्यामागे शाळेत यायचास, भोकाड पसरायचास, आणि गुरुजी आपल्या दोघांना बाहेर काढायचे. त्या दिवशी परीक्षा होती. तुला शेजारच्या म्हातारीकडे बसवून मी पळाले. ओढ्यापाशी बघते तर तू मागं. माझा परकर धरलास आणि सोडेनास. हातात पाटी होती, लाकडी चौकटीची दगडी पाटी. ती मी तुझ्या तोंडावर मारली.

किती रक्त आलं रे. तुला कडेवर घेऊन घरी आणलं. आई आली तेव्हा सांगितलं, उंबऱ्यावर पडला. आईने हळद भरली. पंधरा दिवसांनी सूज उतरली. पण तेव्हापासून रात्री तुझं तोंड उघडं राहायला लागलं. आधी राहत नव्हतं. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून मी हनुवटी धरून बसायचे.

पाटी मी ओढ्यात टाकली. परत शाळेत गेले नाही. सगळ्यांना सांगितलं की मला अभ्यास आवडत नाही. आपल्या घरात पोरीने असं बोलावं म्हणून दादा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते सोसलं, पण खरं सांगायला जीभ रेटली नाही. तू विसरलास, आई गेली, दादा गेले, मग वाटलं आता कशाला उकरायचं. आणि आता तुझा साचा लटकत राहिला.

डॉक्टरांकडे जा. माझं नाव घेऊन सांग, बहिणीने पाटी मारली. लपवू नकोस. तुझी क्रेन तुला मिळू दे. माझ्याशी बोलणं सोडलंस तरी चालेल, पण मोठा मास्क घे.

तुझी,
अक्का

*

रहाटणी
दि. २२ डिसेंबर २०२४

ती. वन्सं यांना,
अंबूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. यांनी सांगितलं की अक्काला खुशाली कळव, मी मागनं लिहितो.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी यांनी ते गॅलरीत बसून दोनदा वाचलं. तुमचं पत्र आलं की आम्हाला मोठ्याने वाचून दाखवतात, तुमच्या बोलण्याची नक्कलसुद्धा करतात. या वेळी घडी घालून मशीनच्या बॅगेत ठेवलं. मी विचारलं, सगळं बरं ना? तर म्हणाले, अक्काने औषध लिहून पाठवलंय. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आपणहून आकुर्डीला नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी आत बघितलं आणि म्हणाले, नाकातला पडदा डावीकडे पार वाकलाय, जुना मार दिसतोय. तर हे म्हणाले, हो, चार वर्षांचा असताना उंबऱ्यावर पडलो होतो. मी बघतच राहिले. एकोणतीस वर्षं संसार केला, मला कधी बोलले नाहीत. तुम्हाला तरी माहीत होतं का?

डॉक्टर म्हणाले, एक बाजू बंद म्हटल्यावर झोपेत तोंड उघडणारच, आणि अशा माणसाचं तोंड पट्ट्याने बांधायचंही नाही. बरं झालं तो परत केला. मोठा मास्क घ्यायला सांगितला. मशीनला कोमट पाण्याची टाकी जोडली, त्याने घसा सुकत नाही. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. ऑपरेशनचं पुढं बघू म्हणाले. नवनाथ मास्क बसवायला आला तेव्हा हे त्याला म्हणाले, भावा, तुझंच बरोबर होतं. नवनाथला पाणी पिताना ठसका लागला.

पहिल्या दोन रात्री मास्क काढून फेकला. मग दिवसा पेपर वाचताना घालून बसायला लागले, म्हणजे सवय होते. तिसऱ्या रात्रीपासून झोपतात. घोरण्यामुळे आठ वर्षं मी बाहेर सोनूजवळ झोपत होते. आता अंथरूण परत आत आणलंय. घर इतकं शांत असतं की मीच जागी होते आणि हात लावून बघते.

तब्येतीची काळजी घ्या. लोभ वाढवा.

तुमची भावजय,
अंबू

*

रहाटणी
दि. १४ जानेवारी २०२५

आदरणीय अक्कास,
साहेबरावचा सप्रेम जयभीम. वि. वि.

उशीर झाला. रागावलो म्हणून नाही, आधी रिपोर्ट हातात येऊ दे म्हटलं. तो आला. श्वास आता तासाला चार वेळा थांबतो, आणि गळती हद्दीत आहे. कंपनीच्या डॉक्टरांनी सही केली. आठ दिवस शेजारी दुसरा ऑपरेटर बसवून चालवायला दिली, आणि काल मी एकटा शिडी चढलो. पहिला साचा तोच चार टनांचा निघाला. खाली रविराज. त्याने अंगठा दाखवला, मी उचलला, नेला, ठेवला. दुपारी जेवलो आणि तरी डोळे टक्क उघडे. तुला आठवतं का, असं ताजंतवानं मी शेवटचं कधी होतो? मला तर नाही आठवत.

आता पाटीचं.

खरं सांगतो, पहिल्या रात्री मी रागावलो होतो. पण नाकासाठी नाही. नाकाचं काय, दुसरी बाजू आहे. तुला शाळा आवडत नव्हती, असं मी सत्तावन्न वर्षांचा होईपर्यंत धरून चाललो. सोनूलाही तेच सांगत आलो, की आमच्या अक्काला अभ्यासाचा कंटाळा. साक्षरता वर्गात जाऊन तू मला पहिलं पत्र लिहिलंस, तेव्हा मी ते खोलीवरच्या मित्रांना दाखवून हसलो होतो, की बहिणीला उशिरा शौक लागला. तुझ्या खुरपणीच्या मजुरीवर मी आयटीआय केलं. नाक माझं मोडलं आणि शाळा तुझी सुटली. हे मला कुणी सांगायला नको होतं का?

सोनूला मी आता सांगितलंय की अक्काला शाळा आवडत होती, घरच्या कामामुळे सुटली. पुढं काही सांगितलं नाही.

आणि डॉक्टरांना तुझं नाव सांग म्हणाली होतीस. तेवढं मी ऐकलं नाही. अंबूने तुला कळवलंच असेल मी काय सांगितलं ते. ते खोटं तू त्रेपन्न वर्षं एकटीने सांभाळलंस. आता माझ्याही तोंडून गेलंय, ते दोघांचं झालं. यापुढे कुणीही विचारलं तरी आपण दोघांनी एकच सांगायचं.

निवृत्तीच्या दिवशी तू इथं यायचं आहेस. क्रेनखाली उभं राहायला परवानगी काढून ठेवतो. कानाचं मशीन डब्यातून काढून आण, शिट्टी मारली तर मारू दे, मी मास्क घातला तर तुला काय झालं?

माझ्यावरची माया कमी करू नकोस, आणि आता रात्री नीट झोप.

उंबऱ्यावर पडलेला तुझा भाऊ,
साहेबराव