तीन तबकड्या आणि राधाबाईंचा आवाज

मी, दत्तप्रसाद बाळकृष्ण वायंगणकर, वय वर्षे चौसष्ट, धंदा ध्वनिमुद्रण (आता बंद), राहणार कोळंब, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, आज शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला वेगळा आहे आणि तोही जोडला आहे. वकील श्री. सुदेश यांचे म्हणणे, "काका, कानांचा दाखला मृत्युपत्राला लागत नाही." या मृत्युपत्राला लागतो. का, ते पुढे येईल.

१. यापूर्वी मी सन २०१८ मध्ये एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझ्या स्टुडिओची खोली आणि सर्व यंत्रे माझे सहकारी गुरुदास यांना दिली होती. ते मृत्युपत्र २०१९ च्या श्रावणात मी रागाने फाडले. ते रद्द समजावे, पण ते फाडण्यात माझी चूक होती याची येथे नोंद राहावी.

२. कोळंब येथील राहते घर, मागची माडांची जागा, विहिरीतला हिस्सा आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी पत्नी सौ. सुगंधा हिचे. तिच्या पश्चात आमची मुलगी अनुजा हिचे. अनुजा ठाण्याला असते, तिने घर विकायचे म्हटले तर सुगंधा असेपर्यंत विकू नये. अनुजा हीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील. बेटा, तू फोनवर हल्ली सावकाश आणि मोठ्याने बोलतेस हे माझ्या लक्षात आले आहे. तरी तुझा आवाज आणि तुझ्या सासूबाईंचा आवाज मला वेगळा ओळखू येत नाही. हे तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

३. माझ्या मालकीच्या तीन तबकड्या, म्हणजे सीडी. यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, नाहीतर त्या भंगारात जातील.

मी १९८२ मध्ये मुंबईला गेलो आणि गिरगावातल्या एका स्टुडिओत पंधरा वर्षे काम केले. तिथले मुख्य ध्वनिमुद्रक, ज्यांना सगळे भाई म्हणत, त्यांनी मला हा धंदा शिकवला. गाणे मिसळताना, म्हणजे गळा, पेटी, तबला, झांज यांचे आवाज एकमेकांत बसवताना, एका तासात कान फसतात. जे समोर आहे तेच बरोबर वाटू लागते. म्हणून दुसऱ्या कोणीतरी नीट केलेली, आपल्याला पूर्ण ओळखीची अशी एखादी तबकडी जवळ ठेवायची आणि अधूनमधून ती लावून आपले काम तिच्याशी ताडून बघायचे. भाई म्हणाले, "चांगली आहे म्हणून निवडू नकोस. पाठ आहे म्हणून निवड. आणि एक दिवस ती बिघडल्यासारखी वाटली, तर तबकडीला हात लावू नकोस. खोली बघ, स्पीकर बघ, स्वतःला बघ."

मला निवडायला दोन वर्षे लागली. सुरुवात अकरा तबकड्यांनी केली. त्या कॅसेटवर उतरवून मी चहाच्या टपरीवरच्या टेपवर ऐकल्या, भाड्याच्या खोलीतल्या रेडिओ-टेपवर ऐकल्या, कोळंबला आलो की वडिलांच्या खरखरीत यंत्रावर ऐकल्या. एके ठिकाणी गोड लागणारी आणि दुसरीकडे रडकी होणारी मी बाद करत गेलो. बाजारातली तबकडी नेहमी मोठ्या आवाजात भरलेली असते, म्हणून ताडताना तिचा आवाज आधी आपल्याइतका खाली आणायचा, नाहीतर मोठा आवाज चांगला वाटून माणूस फसतो, हे मी त्याच काळात शिकलो. शेवटी तीन उरल्या. एक भजनाची: तिच्यात मृदंगाचा खर्ज भिंतीला लागूनही फुगत नाही आणि झांज चमकते पण टोचत नाही. दुसरी गोव्याच्या लग्नातल्या बँडची, म्हापशाच्या बाजारात घेतलेली: पितळी वाद्ये कितपत पुढे येऊ द्यायची, ते तिच्यावरून. तिसरीत फक्त एक बाई आणि एक पेटी. गाताना ती बाई मधूनमधून श्वास घेते आणि तो ऐकू येतो. तो श्वास ऐकू आला की मी समजायचो, माझी खोली ठीक आहे.

गावी परत येऊन १९९९ मध्ये घराच्या पडवीत मी स्टुडिओ बांधला. त्यानंतर चोवीस वर्षे रोज कामाआधी या तिन्ही तबकड्यांतले ठरलेले तुकडे वाजत. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात सुगंधा ते ऐकत असे. सदर तिन्ही तबकड्या आणि त्या वाजवण्याचे यंत्र सुगंधाला द्यावे. दुसऱ्या कोणाला देऊन उपयोग नाही. या तबकड्या आजही ज्याला पाठ आहेत असा या घरात एकच माणूस आहे, आणि तो मी नाही.

४. स्टुडिओची खोली, स्पीकर, माइक, टेबल, संगणक हे सर्व गुरुदास यांना द्यावे. ते २००२ मध्ये माझ्याकडे आले ते तिशीतले, बायको-मुले असलेले, तयार कानाचे गृहस्थ. मी कधी त्यांना नोकर म्हटले नाही, पण एकदा तसे वागवले.

२०१९ मध्ये आम्ही एका दशावतारी मंडळीचे नाटक मुद्रित करत होतो. मी मिसळलेले ऐकून गुरुदास म्हणाले, "दादानू, वयलो आवाज खूप पुढे जाता हा. झांज कानात घुसता."

मी म्हटले, "माका तर दबलेली वाटता."

"मगे आपली भजनाची सीडी लावन बघूया."

लावली. माझ्या कानाला ती गोधडीखालून आल्यासारखी लागली. झांजेची चमक गेलेली, गळ्याला धार नाही. मी स्पीकर बदलून पाहिले, तारा बदलल्या. मग गुरुदासांवर उलटलो. म्हटले, "सीडी तूच हाताळून खराब केलंस. नायतर नक्कल करून भलतीच ठेवलंस."

गुरुदासांनी सीडी काढून उजेडाला धरून बघितली. मग हळू म्हणाले, "सीडी तीच आसा, दादानू. एकदा कान दाखवन घेवा."

वीस वर्षे माणसे माझे कान वाखाणत आली होती. मी म्हटले, "ह्या माका सांगूक तू कोण? चावी थंय ठेव. परत हंय येव नको."

त्यांनी पेटीच्या खोक्यावर चावी ठेवली, चपला घातल्या आणि गेले. भाईंनी सांगितलेले सगळे मला त्या क्षणी आठवत होते. खोली बघितली, स्पीकर बघितले, तिसरे बघितले नाही.

५. राधाबाईंची गाणी.

राधाबाई मसुऱ्याच्या. शहात्तर वर्षांच्या होत्या. भात लावताना बायका म्हणत ती एक्केचाळीस गाणी त्यांना येत होती आणि त्यांच्याबरोबरच्या कोणी उरल्या नव्हत्या. सन २०२१ च्या दिवाळीनंतर त्यांची नात अपेक्षा त्यांना रिक्षाने माझ्याकडे घेऊन आली. चार दिवस आम्ही बसलो. पहिल्या दिवशी माइक तोंडासमोर आणला तर म्हणाल्या, "झिला, त्या डब्यात तोंड घालूक माका सांगा नको. मी गातंय, तू आयक." मग मी माइक लांब, नजरेआड ठेवला. त्या वाकून, हात हलवत गायच्या, जणू समोर चिखल आहे. एका गाण्यात दर कडव्याला थांबून हसायच्या. मी विचारले तर म्हणाल्या, "हंयच रोपा फेकून मारूची वेळ." मी आयुष्यात बरेच गळे मुद्रित केले. एवढा मऊ गळा नाही.

ते मिसळायला मी अडीच महिने घेतले. मला त्यांचा आवाज मंद वाटे, शब्द पुसट वाटत, म्हणून मी धार देत गेलो. तिसऱ्या, बाई-पेटीच्या तबकडीशी ताडून बघितले. तिचा श्वास ऐकू येईना. मी तबकडी बाजूला ठेवली आणि आपल्या मनाने पुढे गेलो.

एक दिवस सुगंधा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ओ, ता कानाक टोचता. म्हातारी अशी खंय गाय होती?"

मी म्हटले, "तुका काय कळता ह्यातला?"

ती आत गेली. त्यानंतर तिने माझ्या कामाबद्दल एक शब्द काढला नाही. बावीस वर्षे त्याच तीन तबकड्या ऐकून तयार झालेला कान भिंतीपलीकडे होता, आणि मी त्याला गप्प केले.

गाणी बाहेर पडली. इंटरनेटवर चढली, काही सीड्याही निघाल्या. दोन महिन्यांनी संगणकात जागा हवी म्हणून मी मूळ मुद्रण पुसले. गुरुदास असते तर दुसरी प्रत त्यांनी न सांगता ठेवली असती, ते नेहमी ठेवत. मी कधी ठेवली नव्हती.

राधाबाई पुढच्याच आषाढात गेल्या. बाराव्याला मी मसुऱ्याला गेलो. ओटीवर माणसे बसली होती, अपेक्षाने स्पीकर आणून गाणी लावली. दुसऱ्याच कडव्याला एक म्हातारी कानावर हात ठेवून उठली. अपेक्षाने बंद केले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, हो आमच्या आजयेचो आवाज न्हय. पत्र्यार खडे पडल्यासारखा वाटता."

मला तेव्हा तिचा राग आला, हेही लिहून ठेवतो. पुढे पाच महिने मी तिला अडाणी समजत होतो. मग एकदा सुगंधा चुलीवर कुकर ठेवून शेजारी गेली होती. मी बाजूच्या खोलीत बसून होतो. ती धावत आली तेव्हा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि मला त्यातली एकही ऐकू आली नव्हती. दुसऱ्या दिवशी कान तपासले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. वरच्या आवाजांकडे ती रेघ कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. मी विचारले, कधीपासून? म्हणाल्या, "सहा-सात वर्षे तरी असेल. हळूहळू जातं, म्हणून कळत नाही."

घरी येऊन मी तिन्ही तबकड्या ओळीने लावल्या. तिन्ही गोधडीखाली होत्या. तिन्ही एकदम बिघडत नाहीत, एवढे मला कोणीही सांगू शकले असते. दोघांनी सांगितलेही होते.

मग मी अपेक्षाकडे गेलो. एका लग्नात राधाबाई गायल्या होत्या, त्याचे तिच्या मोबाइलवर अर्धवट चित्रण आहे. मागे भांड्यांचा आवाज, पोरांचा गलका, पण गळा त्यांचा आहे असे लोक सांगतात. मी म्हटले, ते दे, मी नाही, दुसऱ्या कोणाकडून तरी साफ करून घेतो. ती म्हणाली, "काका, ता तुमच्या हातात देवचंय नाय." तिचे बरोबर होते. माझ्या मागे कोणीही, अनुजानेसुद्धा, ते मागायला तिच्या दारात जाऊ नये.

आता त्या गाण्यांची व्यवस्था. ती इंटरनेटवरून मी काढणार होतो. मग वाटले, काढले की काही घडलेच नाही असे होईल, आणि एक्केचाळीस गाण्यांचे शब्द तरी तेवढ्याच ठिकाणी उरले आहेत. तरी अनुजाने एवढे करावे. जिथे जिथे ती गाणी आहेत तिथून 'गायिका राधाबाई' हे नाव काढावे आणि असे लिहावे: शब्द राधाबाई, मसुरे यांनी सांगितलेले. येथे ऐकू येणारा आवाज त्यांचा नाही. तो दत्तप्रसाद वायंगणकर यांनी बिघडवलेला आहे. माझे नाव पूर्ण लिहावे.

६. गुरुदास यांच्याबद्दल एक गोष्ट राहिली. ते आता गोव्यातल्या एका हॉटेलात स्पीकर लावायचे काम करतात. मी त्यांना पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही. गेल्या मार्गशीर्षात कुडाळच्या स्टँडवर ते अचानक समोर आले. केस पिकले आहेत. त्यांनी माझ्या दंडाला धरले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. बाजूला दोन गाड्या चालू स्थितीत उभ्या होत्या. मला ओठ हललेले दिसले, एक शब्द लागला नाही. 'परत सांगा' म्हणायला हवे होते. मी मान हलवली. तेही मान हलवून गाडीत चढले. त्यांनी मला माफ केले, की इतकी वर्षे साठलेले ऐकवले, हे मला ठाऊक नाही आणि आता होणार नाही. दोन्हींना मी होकार दिला आहे. खोली त्यांनी घेतली नाही तर आग्रह करू नये. कुलूप लावून ठेवावे.

७. माझ्या अंत्यविधीला भजनी मंडळ येईल. त्यांना गाऊ द्यावे. माइक लावू नये.

वकील श्री. सुदेश यांनी शेवटी नेहमीप्रमाणे मजकूर टंकून आणला: 'सदर मृत्युपत्र लिहून देणार यांस वाचून दाखविले, त्यांनी ते ऐकून मान्य केले.' त्यांनी साक्षीदारांसमोर ते मोठ्याने वाचलेही. पहिल्या पानानंतर मी त्यांना हात करून थांबवले. सुगंधा माझ्या बाजूला बसली होती. ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुमीच वाचा." 'वाचून दाखविले' आणि 'ऐकून' हे शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत. खोडाखोड माझी आहे, त्यावर माझी सही आहे.

मी हे स्वतः, डोळ्यांनी वाचले. मान्य आहे.

सही: दत्तप्रसाद बाळकृष्ण वायंगणकर

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:
१. डॉ. मितेश रामचंद्र परुळेकर, मालवण (सही)
२. श्रीमती जानकी विष्णू पराडकर, निवृत्त शिक्षिका, कोळंब (सही)

ठिकाण: मालवण
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५