टाचेला शेक

१ जानेवारी १९७४
आजपासून रोज पहाटे फिरायला जाणे. आमच्या महाल भागातून निघून फुटाळा तलाव, आणि परत. मुलगी प्रेमिला सासरी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तेव्हा वेळेची अडचण नाही. कॅनव्हासचे बूट घेतले. थोडे लहान आहेत, पण दुकानदार म्हणाला, सैल होतात. सुभद्रा म्हणाली, "आधी इथल्या जवळच्या शुक्रवारी तलावापर्यंत तर जाऊन पाहा." बायकोला मोठा विचार झेपत नाही.

४ जानेवारी
बूट सैल झाले नाहीत.

९ जानेवारी
सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला आणि उजव्या टाचेत कोणी खिळा ठोकल्यासारखी कळ आली. भिंत धरून न्हाणीपर्यंत गेलो. फिरणं तात्पुरतं स्थगित. बूट चांगले आहेत, दोष रस्त्याचा.

२० जानेवारी
डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. मी टाच दाखवायला गेलो होतो, वजन नाही. पुन्हा जाणार नाही.
ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे मधुकरराव म्हणाले, टाचेखाली सोड्याची बाटली फिरवा, रामबाण आहे. टेबलाखाली फिरवत बसलो. बाटली निसटली ती गडगडत थेट साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब स्वतः घेऊन आले. म्हणाले, ऑफिसात पिणं बरं नाही. रिकामीच होती, असं मी सांगितलं. त्यानं प्रकरण सुधारलं नाही.

२ फेब्रुवारी
वरच्या खोलीत राहणाऱ्या कुसुमताईंनी सुभद्रेला उपाय सांगितला. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि पानावर टाच. संध्याकाळी सुभद्रेनं केलं सगळं. पाय दोन्ही हातांत धरून बसली. चटका बसतो असं वाटलं की उचलायची, पुन्हा ठेवायची. फार बरं वाटलं.
शेकता शेकता माहेरच्या गोष्टी सांगत होती. काटोलला त्यांच्याकडे एक आंधळी म्हैस होती म्हणे, चरून बरोबर घरी यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही एवढं बोलते हे मला ठाऊक नव्हतं.

११ फेब्रुवारी
सुभद्रा बाजारात अनवाणी गेली होती. चपला का नाही घातल्या, विचारलं. "असंच," म्हणाली. दिवाळीत घेतल्यात, नव्या आहेत, म्हणून जपत असणार. कंजूषीला काही मर्यादा? पण वाद घातला नाही. दुखणाईत माणसानं मन शांत ठेवावं.

६ मार्च
सकाळी उठलो, मोरीपर्यंत गेलो, दात घासून झाले, तेव्हा लक्षात आलं की आज दुखायचं राहिलं. अंगणात चालून पाहिलं. पाय आपटून पाहिला. काही नाही.
सावध राहायला हवं. असली दुखणी दबा धरून बसतात.
संध्याकाळी सुभद्रेनं विचारलं, "आज कशी आहे टाच?" वीट तापवून तयार होती. म्हशीची गोष्टही काल अर्धवट राहिली होती. "आहे तशीच," म्हणालो. तिचा चेहरा पडला. माझी फार काळजी करते.

२५ मार्च
ऑफिसात माझं टेबल खाली आणलं, जिना चढायला नको म्हणून. माठाशेजारी, पंख्याखाली. आता एकदम लंगडणं थांबवलं तर लोकांचा विश्वास उडेल. हळूहळू कमी करायचं ठरवलं आहे.
मधुकरराव म्हणाले, "मार्तंडराव, काल तर उजवा पाय होता ना गा?" दुखणं सरकतं, म्हणालो.

१४ एप्रिल
रॉकेलच्या लाइनीत मीच जाणार होतो, पण दोन-तीन तास उभं राहायचं म्हणजे उन्हाळ्यात टाच उलटायची. सुभद्रा गेली. परत आली तेव्हा तळवे डांबरानं काळे. पाय धुतले आणि वीट तापवायला लागली.
संध्याकाळी गणपतीला गेलो. ही सारखी मागे रेंगाळत होती. टाच माझी दुखते, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर थांबायचंही मीच!

२ मे
ऊन म्हणजे कहर. सुभद्रा सारखं पाणी पिते, माठ पुरत नाही. अंगानं उतरली आहे. उन्हाळा कोणालाच मानवत नाही.
आज मात्र मी चांगलाच ओरडलो. रस्त्यावर डांबर वितळून राहिलं आणि ही बाई चपलेविना! म्हणाली, "तुमची टाच बरी होऊ द्या, मंग घालीन." आता माझ्या टाचेचा आणि हिच्या चपलेचा संबंध काय? काहीतरी बोलायचं म्हणून बोलते. उद्यापासून शेक बंद करावा का, असाही विचार आला. पण सवय एकदम मोडू नये.

१९ मे
फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, बाहेरच्या दारापासून चुलीपर्यंत. सुभद्रेच्या डाव्या अंगठ्यात काच. तिला पत्ताच नव्हता. "दुखत नाही वं बाई," असं कुसुमताईंना हसून सांगत होती. काही माणसांना वेदना कमीच दिलेल्या असतात. आमच्या नशिबात ते नाही.
हळद भरून चिंधी बांधली आणि तशीच शेकायला बसली. मी म्हटलं, आज राहू दे. म्हणाली, एक दिवसही चुकवायचा नाही.

१ जून
घरात दिवसभर उदबत्ती का लावते ते आज कळलं. चिंधी सोडायला लावली. अंगठा काळा पडला आहे.
रिक्षातून हॉस्पिटलमध्ये नेलं. रक्त-लघवी तपासली. शुगर आहे, बरीच आहे, आणि आजची नाही. पायांची जाणीव त्यानंच गेली, डॉक्टर म्हणाले. भाजत होतं, कापत होतं, हिला कळत नव्हतं. "यांना अनवाणी कशाला फिरू दिलंत?" म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, चपला आहेत साहेब, नव्या आहेत.

३ जून
कुसुमताई डबा घेऊन आल्या होत्या. मी व्हरांड्यात त्यांच्याजवळ सुभद्रेच्या कंजूषीबद्दल बोललो. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.
"भाऊजी, तुमाले खरंच नाही मालूम? कोराडीच्या देवीले बोलली होती ना ती. तुमची टाच बरी होत नाही तवर चपला घालाच्या नाही. तुमाले कशी सांगन? ज्याच्यासाठी नवस, त्याले सांगाचं नसते."
त्या डबा माझ्या हातात देऊन गेल्या. बराच वेळ तो हातातच होता.
आत गेलो. तिच्या खाटेजवळ उभा राहून सांगितलं, टाच बरी झाली. पूर्ण बरी. वॉर्डात इकडून तिकडे चालून दाखवलं. नर्स रागावली.
सुभद्रेचा चेहरा असा उजळला की मला तिकडे पाहवेना. "कवापासून?" तिनं विचारलं.
मार्चपासून, हे तोंडातून निघालं नाही. आज सकाळपासून, म्हणालो.
"पाहा," ती म्हणाली, "देवीनं आयकलं."

६ जून
अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, टाच कशी आहे. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

२३ जून
नवस फिटला, तेव्हा आज चपला हव्या, म्हणाली. घरून घेऊन गेलो. उजवी बसली. डावी पायात राहीना. त्या चपलेची सगळी पकड अंगठ्यात. दोनदा घालून पाहिली, दोनदा निसटली. "जाऊ द्या," म्हणाली, "एक तर घातली."
सदर बाजारातून मागे पट्टा असलेली सँडल आणीन, म्हणालो. दुकानात नंबर विचारला. मला ठाऊक नव्हता.

४ जुलै
सुभद्रा घरी आली. दारापासून तुळशीपर्यंत सँडल घालून चालली. मी पुढे, ती मागे.
गेला महिनाभर हॉस्पिटलचे जिने चढून उतरून टाच पुन्हा धरली आहे. या वेळी जानेवारीपेक्षा जास्त. सकाळी पाय टेकला की डोळ्यांसमोर अंधारी येते. तुळशीपर्यंत जाताना ती मागून माझ्याच पायांकडे पाहते आहे हे कळत होतं. लंगडलो नाही. उद्यापासून रॉकेल मीच आणणार, दळण मीच आणणार, ऑफिसातलं टेबलही वर न्यायला सांगणार.
वीट कुठे ठेवू, विचारत होती. टाकून दे, म्हणालो. तिनं दाराला लावली, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.
आता ती आत भाजी चिरते आहे. मी इथे दाराशी बसून टाच स्वतःच दाबून पाहिली. हात पोचतो, पण तसं होत नाही. म्हशीचं पुढे काय झालं तेही राहूनच गेलं.
आतून तिनं विचारलं, "दुखून राहिली काय?"
नाही, म्हणालो.