सोंडेला चिमटा

१२ जानेवारी, सोमवार
जिन्याच्या कोपऱ्यात लोक पान खाऊन थुंकतात म्हणून सोसायटीने तिथे देवांच्या टाइल्स लावल्या. गणपती, साईबाबा, येशू. तरी थुंकतातच! आज खालच्या फळ्यावर सुविचाराऐवजी चित्र काढलं — गणपतीने सोंडेला कपड्यांचा चिमटा लावलाय, साईबाबा फडकं शोधतायत, येशूने छत्री उघडलीय. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण इतकी झकास सोंड कधी जमली नव्हती.

दुपारी जेवताना आमचे हे म्हणाले, "अगं, पण गणपतीला असं..." मी म्हटलं, आधी सोंड कशी जमली ते ऐका.

१३ जानेवारी
कोणाच्या तरी भावना दुखावल्या! सेक्रेटरी ऑस्वल्ड आलेला. "वासंतीताई, लेखी तक्रार आलीय. पुसून टाका आणि माफीच्या दोन ओळी लिहा ना. मला काय नाय, आमचा येशू छत्रीत मस्त दिसतो." कोणाची तक्रार? "नाव सांगू नका, असं लिहिलंय."
वा! देवाला जिन्यात पहाऱ्याला उभं केलं ते चालतं, आणि मी चित्र काढलं की पाप. पुसणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ द्यायला सगळे मजले पालथे घातले. 'गोड बोला' म्हणत एकेकाचा चेहरा वाचला. चौथ्या मजल्यावरचा सुश्रुत हसलाच नाही. हाच तो! मग कळलं, काल दाढ काढलीय.

१५ जानेवारी
ह्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य समजावलं. पाऊण तास. आमटी गार झाली. "बरं," म्हणाले.

१७ जानेवारी
उद्या मीटिंग. माफी नाही मागितली तर फळा माझ्याकडून काढून घेणार. रिटायर झाल्यापासून तो फळाच माझा वर्ग — कोलशेतची आमची अख्खी बिल्डिंग येता-जाता वाचते. रडू आलं, खोटं कशाला लिहू? पण ज्याला तोंडावर बोलायची हिंमत नाही त्याची कसली माफी? भेकड मेला!

१८ जानेवारी, रविवार
तक्रार दाखवल्याशिवाय हलणार नाही म्हणून अडून बसले. ऑस्वल्डने नाइलाजाने कागद दिला.
अक्षर ह्यांचं.
"ज्याची रोज पूजा करतो त्याची थट्टा बघवत नाही. नाव गुप्त ठेवावे. घरी सांगून पाहिले. ऐकून घेतले जात नाही."