पिवळ्या रंगाचे बारा आकडे

१० सप्टें., बुध.
शेवटचा कंटेनर आज उघडला. आत जुन्या ग्रीसचा वास. यार्डात गुडघाभर चिखल, पण क्रेनवर शफीकभाई, म्हणून निवांत होतो.
जॉर्जियातल्या बंद कारखान्याची ही रोलिंग मिल, तापलं लोखंड लाटून सळई करणारी. तिथलं बाकी सगळं कापून विकलं, ही एकच मशीन उरली. शेठनं भंगाराच्या भावात उचलली. घेण्याआधी मला बोलावून व्हिडिओ दाखवला होता. मी म्हटलं, "घ्या शेठ, असं लोखंड आता कोणी ओतत न्हाई." आता चालली तर शेठची नजर, नाही चालली तर माझी, सुखदेव फिटरची, अक्कल.
मशीनसोबत माणूसही आला. नोदार. सत्तरी ओलांडलेला, ताठ, खांद्याला चामडी पिशवी. तिकडे तोच फोरमन होता. त्यानंच ती तिथं खोलली, आता इथं जोडून द्यायची. जेवायच्या सुट्टीपर्यंत गडी त्याला नोदारकाका म्हणायला लागले. इथून पुढे नो. का.
शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला पहिली सळई निघाली पायजे. न्हाई निघाली तर कापा आन् टाका भट्टीत. भट्टी शंभर पावलांवर हाये."
नो. का.ला कोणी हिंदीत सांगितलं नाही, इंग्रजीत तर नाहीच. पण शेठनं हातानं कापायची खूण केली होती. ती सगळ्या मुलखात सारखीच.

१४ सप्टें., रवि.
पाया भरून झाला. नो. का.शी बोलणं फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपवरून चालतं. तो त्याच्या भाषेत बोलतो, फोनातली बाई हिंदीत सांगते. बाई फार अदबीची. तो कपाळाला आठ्या घालून खेकसतो आणि ही म्हणते, "कृपया यह पेंच थोड़ा और कसिए." गडी हसून लोळले.
दुपारी घरी जेवायला आणला. मंदानं मिरचीचा ठेचा लपवून ठेवला. मक्याची भाकरी हातात घेऊन त्यानं वास घेतला, मोडली, आणि डोळे पुसले. फोनातली बाई म्हणाली, त्यांच्याकडेही अशीच होते, फक्त जाड. मंदानं मग आणखी दोन वाढल्या. मला कधी न विचारता वाढत नाही.

१९ सप्टें., शुक्र.
जेवणाच्या सुट्टीत नो. का. रोज भंगाराच्या ढिगाशी जाऊन उभा राहतो. बोटींतून आलेलं भंगार. काठीनं एकेक तुकडा हलवतो. हा ट्रॅक्टर. ही बस. हा रेल्वेचा. शफीकभाई म्हणतो, काका कबरस्तानात आल्यासारखे फिरतात.
आज विचारलं, तुमचा कारखाना बंद कसा पडला?
बराच वेळ बोलला. सगळं एकच राज्य होतं तेव्हा कोळसा एकीकडून, बेअरिंगं दुसरीकडून, गिऱ्हाईक तिसरीकडे. एका सकाळी मध्ये सरहद्दी आल्या. माल अडला. मग पश्चिमेकडची माणसं आली, टाय लावलेली, फायली घेऊन, बरोबर दुभाषी. म्हणाली, हे सगळं जुनाट आहे, विका, बाजार शिका. प्रत्येक कामगाराला कारखान्यातल्या हिश्शाचा कागद मिळाला. ह्यानं आपला कागद देऊन साखरेचं पोतं आणलं, हिवाळा होता. मग एकेक शेड कापली. आता एका शेडमध्ये मॉल आहे, पाट्या इंग्रजीत. नात तिथं कॉफी विकते, गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलते, जर्मनीला जायचं म्हणते.
मी विचारलं, मग आधीचं बरं होतं का?
म्हणाला, "तेव्हा काम होतं, पण बोलायची भीती. आता वाटेल ते बोला, ऐकायला गावात माणूस नाही."
मग पुन्हा: "कापायचं त्यांनी ठरवलं. आम्हाला कोणी विचारलं नाही." हे दोनदा म्हणाला. मला जालन्याच्या कापसाच्या जिनिंगा आठवल्या. त्यांची धुराडी मी लहानपणी पाहिली, आता तिथं प्लॉटिंग आहे. कोणाला विचारून पाडली, आम्हालाही माहीत नाही.

२५ सप्टें., गुरु.
तिन्ही स्टँड उभे झाले. आता रूळ, म्हणजे लोखंड दाबणारी लाटणी, बसवायचे. रुळांची टोकं ज्या ठोकळ्यांत फिरतात ते बारा ठोकळे ओळीनं मांडले. दिसायला बाराही सारखे, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. नवे सुटे भाग येणं थांबलं तेव्हापासून ह्यानं आणि ह्याच्या दोस्तानं, वख्तांग नाव, वीस वर्षं हातानं कानस मारून मारून एकेक ठोकळा आपापल्या जागी बसता केला. नकाशात हे काही नाही. ठोकळा चुकला की बेअरिंग पाच मिनिटांत लाल.
खोलताना नो. का.नं प्रत्येकावर पिवळ्या रंगानं आकडा घातला आहे. एक ते बारा. मी म्हटलं, पंचानं ठोकून का नाही कोरले? म्हणाला, चार दिवसांत जागा रिकामी करा म्हणाले होते, बर्फ पडत होतं, बोटं वाकत नव्हती.
ठोकळ्यांना तो कोणाला हात लावू देत नाही.

२८ सप्टें., रवि.
नो. का.ला ताप. पावसात भिजून काम केलं. डॉक्टरनं तीन दिवस झोपून राहायला सांगितलंय. गेस्ट हाऊसवर जाऊन आलो. मंदानं भाताची पेज दिली होती. प्यायला. "मशीन?" म्हणाला, इंग्रजीत. मी म्हटलं, ओके.

३० सप्टें., मंगळ.
उद्या खंडेनवमी. सगळी मिल धुऊन काढली. पाने, हातोडे, पुल्या, क्रेनचा हुक. नवी मशीन तेवढी मळकी, ग्रीसनं काळी. पाहुण्याची मशीन देवापुढं तशी कशी ठेवायची? मीच सांगितलं, डिझेलनं धुवा, राखाडी रंगाचा हात मारा. ठोकळे तर मी स्वतः घासले. घासून झाल्यावर रंग दिला. नव्यासारखे दिसत होते. शफीकभाई लांबून म्हणाला, "क्या बात है, दुल्हन लगती." मलाही बरं वाटलं.
पिवळे आकडे डोळ्यांसमोर होते. कापसाचा बोळा फिरवताना दिसत होते. डोक्यात काहीच आलं नाही. बत्तीस वर्षं फिटरचं काम केलेला मी.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. नो. का. शाल पांघरून आला. त्याला वाटलं आपल्यासाठीच सजवलंय, हसला. मग ठोकळ्यांपाशी गेला.
एकेकाभोवती फिरून, वाकून पाहिलं. बाराही. मग तिथंच पेटीवर बसला.
थोड्या वेळानं पाना घ्यायला उठला. पाने पूजेत मांडलेले. शफीकभाईनं त्याचा हात धरला, हळू म्हणाला, "आज नहीं काका. आज हथियार को आराम." तो खाली बसला. फोन काढून काहीतरी बोलला. बाई तितक्याच अदबीनं म्हणाली, "कृपया बताइए, यह किसने किया?"
मी म्हटलं, "आदमी लोगों ने."
असं मी म्हटलं. गडी मागे उभे होते. त्यांना वाटलं, मी बोललो तर तसंच असेल. प्रसादाचा पेढा तोंडात फिरत राहिला.

३ ऑक्टो., शुक्र.
काल दसरा, सुट्टी. आज दिवसभर ठोकळे लावून पाहिले. एक बसला. तोही बसला की बसवला, देव जाणे. कोणता ठोकळा कुठला हे नो. का.ला पाठ नाही. म्हणतो, डोकं रिकामं ठेवायचं म्हणूनच तर आकडे घातले.
शेठला कळलं. रागावले नाहीत. शेडच्या भिंतीला गॅस कटिंगची सहा सिलिंडरं आणून लावायला सांगितली. राहू दे म्हणाले, हाताशी बरी.
नो. का.नं ती पाहिली. त्याच्या कारखान्यातलं शेवटचं लोखंड आहे हे, आणि ते संपवायला माझा एक बोळा पुरला. आज जेवण गेलं नाही. मंदानं विचारलं, सांगितलं नाही.

५ ऑक्टो., रवि.
गावी गेलो. जाफराबादपासून पुढे जीप मिळेना, केळणा नदीला पाणी होतं, चालत गेलो. बा रानात मेंढरांपाशी. ऐंशीला आला तरी बसवत नाही. बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं. मीच पुसलं हेसुद्धा. बापाला खोटं सांगता येत नाही.
बा तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "सुख्या, मेंढरं कातरल्यावर गेरूची खूण कुठं ऱ्हाती रं? लोकरीसंगं जाती. मंग मेंढरू दुसऱ्याचं होतं व्हय?"
"न्हाई."
"कसं वळखतो आपण?"
"तोंडावरून."
"मंग तोंडं बघ की." आणि उठून एका बोकडामागं गेला.
परतीच्या जीपमध्ये हेच डोक्यात. लोखंडाचं तोंड म्हणजे झीज. वीस वर्षं एकाच जागी घासलेला ठोकळा, त्याची झीज त्याच जागेच्या मापाची.

६ ऑक्टो., सोम.
थिनर लावून माझाच रंग माझ्याच हातानं उतरवला. आतली अंगं उघडी केली. नो. का.ला टॉर्च दिला, बा काय म्हणाला ते सांगितलं. मेंढरांचं बाईनं कसं सांगितलं कोण जाणे, पण तो टॉर्च घेऊन खाली वाकला आणि बोट फिरवून थांबला.
नो. का. डावखुरा आहे. त्याच्या कानशीचे ओरखडे डावीकडे झुकलेले. बाकीचे उजवीकडे झुकलेले, ते वख्तांगचे. तो मेला त्याला नऊ वर्षं झाली. वख्तांग फक्त मागच्या बाजूचे करायचा, तिथून खिडकी दिसायची म्हणून.
बाराचे झाले सहा आणि सहा.

९ ऑक्टो., गुरु.
निळा रंग चोपडायचा, ठोकळा जागेवर ठेवून काढायचा, डाग कुठं उठतो ते बघायचं. दिवसाला दोन. आजवर सात. शफीकभाई क्रेनवरून ठोकळा असा उतरवतो की वर ठेवलेला चहाचा कप सांडू नये.

१५ ऑक्टो., बुध.
दहा झाले. दोन उरले, दोन्ही वख्तांगचे, जुळे. दोन्हींचा डाग दोन्हीकडे जवळजवळ सारखा. अकरा कोणता, बारा कोणता, ठरत नाही. नो. का. एकदा असं म्हणतो, एकदा तसं. डोळे थकलेत त्याचे.
त्याचा व्हिसा दिवाळीनंतर संपतो.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी
आज सांगितलं. गडी गेल्यावर दोघंच होतो. फोनात बोललो, "आकडे मी पुसले. माझ्या हातानं. माणसांवर ढकललं."
बाईनं सांगितलं. त्यानं माझा अंगठा धरला आणि नखाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी तिथं राखाडी रंग होता. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.
मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?
त्यानं फोन जवळ ओढला. मग जे बोलला ते बाईनं सांगितलं तसं लिहितो. "काय कापायचं, काय ठेवायचं, ती यादी मी केली. टायवाल्यांना कारखान्यातलं काय कळणार? त्यांनी कागद पुढं केला, मी सही केली. प्रत्येक शेडची. मला पगार चालू राहील म्हणाले होते, राहिला दोन वर्षं. वख्तांग त्यानंतर माझ्याशी कधी बोलला नाही. बारा वर्षं मी सगळ्यांना सांगतो, त्यांनी केलं."
फोन त्यानं उलटा ठेवला. दोघांनी चहा घेतला.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
घरचं पूजन संध्याकाळी, म्हणून सकाळी मिलमध्ये. नो. का. म्हणाला, उरलेले दोन तू लाव, वख्तांगचा हात मला आता ओळखू येत नाही. मला वाटतं येतो. त्याला पुन्हा स्वतः ठरवायचं नाही, एवढंच. मी पण नको म्हणालो. शेवटी डोळे मिटून दोन्ही ठोकळ्यांवर अंगठा फिरवला, आणि एक डावीकडे लावला.
मशीन रिकामी फिरवली. अर्धा तास. आवाज बरा होता. बेअरिंगवर हात ठेवला, कोमट. पण रिकामी फिरणं वेगळं, लाल लोखंड आत गेल्यावर वेगळं.
नो. का.नं पिशवीतून लहान हातोडी आणि आकड्यांचे पंच काढून दिले. त्याच्या कारखान्याचे. एक ते दहा मी ठोकून कोरले. आता डिझेलनं धुवा नाहीतर रंग द्या. अकरा-बारा राहू दिले, मशीन चालली तरच कोरायचे.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
सकाळचे सात. मंदानं उटणं लावून अंघोळ घातली, ओवाळलं. नवा शर्ट काढला होता, मी कामाचाच घातला. नो. का.साठी मक्याची भाकरी बांधून दिलीय, जाड.
दहाला शेठ येणार, नारळ फुटणार, पहिली सळई सोडायची. सिलिंडरं अजून भिंतीलाच आहेत. परत न्या म्हणून कोणी सांगितलं नाही, मीही नाही.
बाचा फोन आला होता. "वळखलं का रं सगळी?" म्हटलं, दहा ओळखली, दोन अंदाजानं. म्हणाला, "अंदाजाचं बी आपलंच म्हणून हाकलायचं असतं. बघ मंग."
कोणी विचारलं तर ह्या वेळी सांगायचं, मी लावले. अकरा-बारा कोरायचे पंच वरच्या खिशात आहेत. जड लागतात. निघतो.