बांधावरचे अकरा ऐन

मी, रामनाथ बहिरू मुठे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती, राहणार घाटघर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. कोणी दम दिलेला नाही, कोणी पाजलेली नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. ती २०१६ सालीही शाबूत होती, हे मुद्दाम लिहितो. नाहीतर मागाहून लोक मला सूट देतील.

कलम १. राहते घर, गोठा आणि ओढ्याकडची भातखाचरे माझा मुलगा गोरख याला. तो नारायणगावला जीप चालवतो, महिन्यातून एकदा येतो आणि छपराकडे बघून उसासा टाकतो. यापुढे छप्पर त्याचे आणि उसासाही त्याचाच.

कलम २. शेजारी भागू उतळे याने नेलेली पहार परत मागू नये. बारा वर्षे मी त्याला चारचौघांत पहारचोर म्हणत आलो. पहार मुळात त्याचीच होती, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होते.

कलम ३. लाकूड कापायचे कटर मशीन विकून टाकावे, घरात ठेवू नये. कारण पुढे आहे.

कलम ४. माझ्या आणि मयत थोरला भाऊ संपत याच्या शेताच्या सामाईक बांधावर ऐनाची अकरा झाडे होती, वडिलांनी राखलेली. दर माघात दोन्ही घरे त्यांच्या फांद्या छाटत, बुंध्याला कोणी हात लावत नसे. तो पाला वाळवून वाफ्यावर पसरायचा, पावसाच्या आधी पेटवायचा, आणि भाजलेल्या जागेवर भाताचे रोप टाकायचे. याला आमच्याकडे राब म्हणतात. राब नसला की रोपात तण माजते.

२०१५ च्या दिवाळीनंतर एक साहेब आला. कारखान्याच्या बॉयलरला लाकूड लागते, पॉप्लर लावा, तीन वर्षांनी तोडा, खुंटातून पुन्हा फुटतो, असे पाच वेळा, म्हणाला. २०१६ च्या सुरुवातीला आम्हा सहा जणांना त्याने वीस दिवस उत्तरेत पॉप्लर बघायला नेले. त्या सरळसोट रांगा पाहून मी खुळावलो. संपत तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. मी परत आलो तो थेट त्याच्या मातीला.

पॉप्लरला सावली चालत नाही. ऐन आडवे येत होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी संपतच्या बायकोला, साळुबाई वहिनींना, म्हणालो, “जायच्या आधी चार दिवस संपत माझ्याशी फोनवर बोलला. म्हणला, ऐन तोड.”

वहिनी म्हणाल्या, “ते बोलले म्हंता, तर तोडा.”

संपत बोलला नव्हता. त्या वीस दिवसांत मी त्याला एकही फोन केला नव्हता. मेलेल्या भावाच्या तोंडी खोटे घालून मी त्या कटरने अकरा झाडे एका दुपारी आडवी केली. मला याची लाज वाटते.

पॉप्लर पहिल्या तोडीला बरा निघाला. दुसऱ्या तोडीनंतर खुंटातून नुसत्या काटक्या फुटल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याही वाळल्या. साहेबाचा टेम्पो यायचा बंद झाला. वहिनींनी पॉप्लरचा पाला राबाला वापरून पाहिला. तो भुरकन जळून गेला, खालची माती नीट तापलीसुद्धा नाही. मग त्या राबासाठी नाणेघाटाकडच्या चढावर जाऊ लागल्या. तिथेच झाडावरून पडून त्यांचा उजवा हात मोडला. तो अजून खांद्याच्या वर जात नाही. मी बघायला गेलो होतो, केळी घेऊन. केळी!

कलम ५. पॉप्लरची बारा गुंठे जागा आणि बांधाची माझी बाजू साळुबाई संपत मुठे यांना, त्यांच्यामागे त्यांची मुलगी रत्ना हिला. गोरखने खुंट मुळासकट काढावेत, बांधावर अकरा ऐन लावावेत, आणि ते छाटणीला येईपर्यंत दर माघात राबाचे भारे स्वतःच्या डोक्यावरून वहिनींच्या वाफ्यावर नेऊन टाकावेत. जीपने नाही. त्याला हे काम सांगितले तर म्हणाला, “आबा, पंधरा वर्सं जातील की!” जाऊ देत.

कलम ६. हा कागद माझ्यामागे वाचला जावा, असे ठरवले होते. साक्षीला आलेल्या भागूने विचारले, “अन् म्हातारीच आधी गेली तर?” वहिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहेत. म्हणून आज सहीच्या आधी त्यांना बोलावून मी स्वतः हा कागद वाचून दाखवला.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, “मला ठावं व्हतं, भावजी. शेवटचे आठ दिस त्यांची वाचाच गेली व्हती. पाणी बी खुणंनं मागत व्हते.”

“मग तवाच का न्हाई बोललात?”

“बोलले असते तर गावाला कळलं असतं, की भाऊ मरत व्हता अन् तुमी साधा फोन बी केला न्हाई.”

नऊ वर्षे त्यांनी माझी अब्रू झाकली, आणि राबाला त्या चढावर गेल्या. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. म्हणाल्या, “मरायची वाट कशाला बगता? खड्डं आत्ताच खणा.”

सबब कलम ५ मधले गोरखचे नाव खोडून तिथे माझे लिहिले आहे. माझ्याच्याने होईल तेवढे मी करीन, उरलेले गोरखने करावे. खोडाखोडीवर माझी सही आहे. खड्ड्यांसाठी भागूची पहार त्याच्याकडून मागून आणली आहे.

ठिकाण: घाटघर
तारीख: ११ मे २०२५

लिहून ठेवणार: रामनाथ बहिरू मुठे (सही)

साक्षीदार:
१. भागू उतळे (डाव्या हाताचा अंगठा)
२. धर्माजी लांडे (सही)