ओल्या कापसाची पारख

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १७८६

तीर्थरूप खुशालराव मामांस भाचा गोवर्धन याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडील क्षेम, असे लिहिण्याची रीत आहे. पण क्षेम नाही. शेठजींनी मला गाड्यांतला कापूस पारखायला नेमले आहे. परवा एका गाडीच्या तळाशी दवाने ओला झालेला कापूस होता, तो मी चांगला म्हणून घेतला. गंजी आतून तापली. खराब कापूस वेगळा काढून ठेवला आहे. त्याकडे माझ्याने पाहवत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक गाडी तळापर्यंत उपसतो. रांग बाजाराबाहेर गेली आहे. गाडीवाले मला सासूबाई म्हणतात. शेठजींनी बजावले, की पौर्णिमेपर्यंत रांग संपव, नाहीतर घर गाठ. या कामास मी नालायकच आहे. आपण गाडी घेऊन न्यायला यावे.

लेकरावर राग न धरता माया असू द्यावी, ही विनंती.

अकोला, शुद्ध द्वादशी

चिरंजीव गोवर्धनास खुशालरावाचे उदंड आशीर्वाद.

सासूबाईंचे पत्र पावले. तुझी मामी पार्बताबाई हसता हसता भाकर करपवून बसली. ती तिनं मलेच वाढली, अन् सोतावर जराही रागावली नाही.

गाडी आणत नाही. बैल मोटेवर आहेत. अन् तुले आणून करू काय? मागं मेथीच्या जुड्या बांधायले बसवलं, तर साऱ्या सारख्या करता करता बाजार उठला.

तुझ्यासंगं काम करणाऱ्या देवीदासच्या हातून हेच झालं असतं, तर त्याले तू नालायक म्हटलं असतं काय? बावा, दव पडते, होऊन जाते, चाल उन्हात पसरू, असं म्हटलं असतं. मग सोतालेच काऊन कोतवालावानी दम देऊन राहिला? त्याच्याशी बोलतो तसं सोताशी बोलून पाह्य. गाडीत दोन जागी हात घाल अन् सोड.

आम्हां दोघांची माया तुझ्यावर आहे. ती बिनघोर खर्च कर.

अमरावती, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा

तीर्थरूप मामांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपले पत्र येताच आडोशाला जाऊन स्वतःशी बोललो. फार लाज वाटली. देवीदासने ऐकून विचारले, की कोणाशी बोलून राहिला? नवा माणूस कामावर आला आहे, असे सांगितले. मग आम्ही दोघांनी तो खराब कापूस उन्हात पसरला. बराच सुधारला, काही पिवळा पडला, तो पिवळाच राहील.

काल पौर्णिमेला सांजेपर्यंत रांग संपली. शेठजींनी शाबासकी दिली नाही. उद्या लवकर ये, एवढेच म्हणाले.

शेवटच्या गाडीबद्दल मनात अजून शंका आहे. ती पुन्हा पाहायला उठलो होतो. पण जेवण निवले असते, म्हणून बसलो. ओली निघाली तर पसरू.

मामींस नमस्कार. आपण असेच अधूनमधून रागे भरावे, म्हणजे बरे वाटते.