परिच्छेद चौदा

३ जून, सोमवार
आजपासून पुस्तकं बंद. एआय घेतलं. बत्तीस वर्षं वकिलीत निकालांचे ठोकळे उपसून पाठ गेली, डोळे गेले. आता शोधायचं यंत्रानं, मी फक्त बोलायचं. टायपिस्टबाई म्हणाल्या, पण शोधलेलं वाचणार कोण? बाईंना प्रगतीचं वावडंच आहे.

५ जून
शिंपीकाका आले. चाळीस वर्षांचं दुकान, मालकाला गाळा रिकामा करून हवाय. म्हणाले, साहेब, दुकान गेलं तर मी संपलो. म्हटलं, काका, बिनघोर राहा. दोऱ्यानं बांधलेलं कागदांचं पुडकं ठेवून गेले.

१० जून, दुपार
यंत्राला विचारलं. चार सेकंदांत हायकोर्टाचा निकाल हजर! परिच्छेद चौदा : 'ज्याचे पोट त्या जागेवर आहे, त्याला मालकाच्या केवळ सोयीसाठी बाहेर काढता येणार नाही.' वा! काय भाषा! निकाल बासष्ट पानांचा. चौदावा परिच्छेद दोनदा वाचला, म्हणजे झालंच. बायको म्हणाली, मागचं-पुढचं वाच. कोर्टात ही उभी राहते की मी?

१२ जून
उरलेली एकसष्ट पानं आज वाचणार होतो. पाठ धरली.

१८ जून. तारीख.
परिच्छेद चौदा खणखणीत आवाजात वाचला. समोरचा वकील शांतपणे उठला. म्हणाला, तो कोर्टाचा निर्णय नाही, हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद आहे. परिच्छेद एकतीस : 'हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही.' न्यायाधीशबाईंनी विचारलं, निकाल वाचलात का? म्हटलं, बहुतांशी. मग त्यांनी त्या हरलेल्या वकिलाचं नाव मोठ्यानं वाचलं.
माझंच. अकरा वर्षांपूर्वीचं. हरलेल्या केसेस मी डोक्यात ठेवत नाही, प्रकृतीला सोसत नाही.
सगळे हसले. शिंपीकाकाही हसले. हायकोर्टाच्या कागदात माझं नाव निघालं म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपण जिंकलो.

२४ जून
आदेश आला. तीस दिवसांत गाळा रिकामा करा. यंत्रानं साफ तोंडघशी पाडलं. दिवसभर आडवा होतो.

२७ जून
शिंपीकाका आले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, अपिलाला दुसरे वकील बघतो, कागद तेवढे द्या. कपाटातून पुडकं काढून दिलं. दोऱ्याची गाठ ते बराच वेळ बघत राहिले. मी घाईनं म्हटलं, सगळं नीट वाचून परत तशीच बांधली.
काका हळूच म्हणाले, साहेब, ही गाठ फक्त मलाच येते.
फार लाज वाटली.